शेजारच्या खुर्चीतले अध्यक्ष

परबकाकांचे किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. शुक्रवारी मंडळाच्या हॉलमध्ये जेवणं झाली, चार माणसं सतरंजीवर पाय पसरून बसली, की कुणीतरी म्हणतं, "त्या गणपतीच्या वर्षी परब काय म्हणाले ठाऊक आहे ना?" सगळ्यांना ठाऊक असतं. तरी सांगणारा सांगतो आणि ऐकणारे ऐकतात.

परबकाका आता कायमचे गावी निघालेत, म्हणून स्मरणिकेत त्यांच्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. आमचे सेक्रेटरी लिमयेकाका म्हणाले, "मंजिरी, दोन पानं. आणि भाषा जरा सांभाळून." लिमयेकाका बँकेत आहेत आणि मंडळाची घटना त्यांनीच लिहिली आहे, त्यामुळे त्यांना सगळंच सांभाळून हवं असतं. मी पानं मोजणार नाही. भाषा जशी आहे तशीच राहील.

नव्याने बहरीनला आलेल्यांसाठी सांगते. वासुदेव परब, गाव कुडाळजवळचं, जिदहफ्सच्या एका एसी वर्कशॉपमध्ये फोरमन, आणि गेली तेरा-चौदा वर्षं आमच्या मंडळाचे हंगामी अध्यक्ष. कायमचे कधीच नव्हते. मला या माणसाकडून एकच गोष्ट हवी होती: मंडळात बायकांना सभासद करून घ्या. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांच्याशी जितकी भांडले तितकी घरी बाबांशीही भांडले नाही, आणि बाबांशी मी रोज भांडते.

*

ते अध्यक्ष झाले तेव्हा मी सात वर्षांची होते.

हॉल तेव्हाही मनामातच, एका कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या, वरच्या मजल्यावर. मंडळाचे पहिले अध्यक्ष इनामदारसाहेब. तेलकंपनीत मोठ्या हुद्द्यावर, त्यामुळे त्यांच्या मिसेससुद्धा त्यांना साहेबच म्हणत. हॉलमधली अध्यक्षांची उंच पाठीची लाकडी खुर्ची त्यांनीच दिलेली. एका उन्हाळ्यात ते दोन महिन्यांच्या लीव्हवर पुण्याला निघाले आणि सभा बोलावली गेली: दोन महिन्यांसाठी हंगामी अध्यक्ष कोण?

इंजिनियर अकाउंटंटकडे बघेनात, अकाउंटंट बँकवाल्यांकडे बघेनात. पुण्याच्या माणसाचं नाव आलं की मुंबईवाले खोकायचे. त्यात हॉलचा एसी बंद पडलेला. तासाभराने सगळे इतके घामाघूम झाले, की कुणीतरी म्हणालं, "परबांना करा." परब तेव्हा सभेत नव्हतेच. ते वर गच्चीवर तो एसी उघडून बसले होते. एकाही माणसाने विरोध केला नाही, कारण जो हजर नाही त्याच्याशी कुणाचं भांडण नव्हतं.

थोड्या वेळाने हात पुसत ते खाली आले. लिमयेकाका उभे राहून म्हणाले, "अभिनंदन परब. तुम्ही अध्यक्ष झालात. हंगामी."

परबकाका म्हणाले, "एसी चालू झालो."

मग त्यांना त्या लाकडी खुर्चीकडे नेलं. साहेब आपल्या सत्काराची शाल तिच्या पाठीवर विसरून गेले होते. परबकाकांनी शालीकडे बघितलं, भिंतीला टेकवलेली एक लोखंडी घडीची खुर्ची उघडली आणि त्या मोठ्या खुर्चीच्या शेजारी मांडली. "साहेबांची ती. मी हयच बरो."

साहेबांची लीव्ह दोन महिन्यांची होती. ते पुण्यात रमले. फोन केला की म्हणायचे, "येतोच आहे." पुढची सगळी वर्षं प्रत्येक सभेत मध्यभागी ती रिकामी खुर्ची, तिच्यावर शाल, आणि शेजारी लोखंडी खुर्चीत परबकाका.

*

त्यांच्या कारकिर्दीचं पहिलं मोठं संकट म्हणजे हॉलमधला गणपती.

बाप्पा बसले, आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की विसर्जन कधी ते ठरवलेलंच नाही. लिमयेकाकांच्या घरी दीड दिवसाचा, म्हणून इथेही दीड दिवसाचा. कोकणातले ड्रायव्हर आणि पेंटर म्हणाले, गौरीबरोबर जाऊ दे. पुण्याची मंडळी दहा दिवसांच्या खाली यायला तयार नव्हती. आवाज इतके चढले, की खालचा कोल्ड स्टोअरवाला जिन्यात येऊन उभा राहिला.

परबकाका म्हणाले, "मी हंगामी. कायमची प्रथा मी कशी पाडू? आजच्या रात्री बाप्पा कुठे जात नाहीत ना? मग उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर पुन्हा वाद. पुन्हा "आजचा दिवस राहू देत, उद्या बोलू." असं करता करता अनंत चतुर्दशी उजाडली आणि बोलण्यासारखं काही उरलंच नाही. लिमयेकाकांनी चिडून विचारलं, "दहा दिवसांचा निर्णय घेतला कुणी?"

"कोणीच नाय. ऱ्हवले ते."

संध्याकाळी बुदैयाच्या किनाऱ्यावर सगळे गेलो. एका म्हाताऱ्या बहरीनी कोळ्याने आपली होडी दिली, मूर्तीला आणि परबकाकांना स्वतः वल्हवत थोडं आत नेलं. मूर्ती पाण्यात गेली तसा तो घाबराघुबरा होऊन परबकाकांना म्हणाला, "खलास?"

परबकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि संपलं नाही असं मोडक्या अरबीत सांगितलं. "मफी खलास. नेक्स्ट इयर. इंशाल्ला."

पुढच्या वर्षी तो कोळी गणपती यायच्या आधीच हॉलवर चौकशीला आला होता.

*

हा किस्सा मंडळात कुणी सांगत नाही, कारण तो माझा आहे.

मी आठ वर्षांची असताना आई आजारी पडली. ऑपरेशन ठरलं. बाबांच्या रिफायनरीत तेव्हाच दुरुस्तीचं शटडाउन, ते पहाटे जायचे ते रात्री यायचे. परबकाका आले, माझं दप्तर उचललं आणि बाबांना म्हणाले, "दोन दिवस ऱ्हवांदे आमच्याकडे. हंगामी."

त्या दोन दिवसांचे पुढे किती दिवस झाले ते मी मोजले नाहीत. आईला ताप येत राहिला, घरी पाठवेनात. परबांना मूलबाळ नाही. परबकाकू सकाळी एका दवाखान्यात कामाला जायच्या, त्यामुळे माझ्या वेण्या घालायचं काम काकांवर आलं. ते भांग पाडायचे तो पट्टी लावल्यासारखा सरळ. वेणी अशी घट्ट घालायचे, की माझ्या भुवया दिवसभर वर असायच्या. पहिल्या दिवशी रिबिनी सापडल्या नाहीत. काकांनी खिशातून काळी इन्सुलेशन टेप काढली आणि दोन्ही शेंड्यांना गुंडाळली.

शाळेत टीचरने विचारलं, "हू डिड धिस?"

मी अभिमानाने सांगितलं, "अवर प्रेसिडेंट."

आई घरी आली त्या दिवशी तिने माझ्या वेण्यांकडे बघितलं आणि रडायलाच लागली. मला वाटलं, टेप आवडली नाही. मी म्हणाले, "आई, ही हंगामी आहे."

आजही घरात रिबीन सापडली नाही, की आई म्हणते, "परबांची टेप आण."

*

त्यानंतर काही वर्षांनी तिकडे दिल्लीत सरकार पडलं. निवडणुका होईपर्यंत काळजीवाहू सरकार, काळजीवाहू पंतप्रधान. शुक्रवारी हॉलमध्ये ट्रान्झिस्टरभोवती सगळे जमायचे आणि लिमयेकाका समजावून सांगायचे, की असं सरकार काय करू शकतं आणि काय नाही. धोरण ठरवू शकत नाही, मोठे निर्णय घेऊ शकत नाही, फक्त रोजचा कारभार बघायचा.

परबकाका ऐकून म्हणाले, "म्हणजे माझाच काम. पगारी."

तेव्हापासून त्यांना सगळे "पंतप्रधान" म्हणायला लागले.

त्याच दिवसांत त्या काळजीवाहू सरकारातले कुणी मंत्री बहरीनला येऊन गेले. भारतीय मंडळांच्या अध्यक्षांना भेटीला बोलावलं होतं. मला गुच्छ द्यायला नेलं होतं, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. एकेक अध्यक्ष सूट घालून पुढे जायचा, प्रेसिडेंट अमुक, प्रेसिडेंट तमुक. परबकाकांची पाळी आली. मागून लिमयेकाका कुजबुजले, "नुसतं अध्यक्ष म्हणा." परबकाकांनी हात जोडले. "मैं वासुदेव परब. हंगामी अध्यक्ष."

मंत्र्यांना हंगामी कळलं नाही. परबकाकांनी समजावलं, "आपके जैसा. टेम्परवारी."

लिमयेकाकांनी डोळेच मिटले होते. मंत्र्यांनी मात्र काकांचा हात धरला आणि त्यांना जरा बाजूला घेतलं. "कितने दिन हुए?"

"चार साल."

मंत्री हळूच म्हणाले, "कैसे?"

*

मी कॉलेजसाठी पुण्याला गेले. राज्यशास्त्र घेतलं, बी.ए. केलं आणि परत आले ती डोक्यात आग घेऊनच. परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी मंडळाच्या सभेला गेले आणि चाट पडले.

घटनेप्रमाणे सभासद म्हणजे कुटुंबप्रमुख पुरुष. बायका मागे सतरंजीवर. सभेत फक्त सभासदांनी बोलायचं. बाईला काही म्हणायचं असेल तर तिने नवऱ्याच्या कानात सांगायचं आणि नवऱ्याने उभं राहून मांडायचं. बहुतेक नवरे अर्धंच मांडायचे, काही जण उलटं.

त्या दिवशी परबकाकूंना हॉलच्या किचनमध्ये एक्झॉस्ट फॅन हवा होता. पुऱ्या तळताना बायकांचे डोळे जातात, आणि बाहेर बेचाळीस डिग्री. अध्यक्षांच्या खुर्चीमागेच बसलेल्या काकू पुढे वाकून नवऱ्याच्या कानात बोलल्या. नवरा अध्यक्ष. परबकाका लोखंडी खुर्चीतून उठले, फिरून सभासदांच्या रांगेत गेले आणि तिथे उभे राहिले.

"अध्यक्षमहाराज, माझ्या मिसेस विचारतात, किचनला एक्झॉस्ट फॅन कधी बसणार?"

मग परत येऊन आपल्या खुर्चीत बसले, जरा विचार केला आणि म्हणाले, "विचार करू."

मग मागे वळून काकूंना सांगितलं, "विचार करूया म्हणतत."

हॉल हसून हसून लोळला. मी हसले नाही. आईच्या कानात म्हणाले, "बाहेर जगात काय चाललंय आणि हे काय चाललंय?" आई म्हणाली, "मला नको सांगूस. मी नवऱ्याच्या कानात सांगू, की तू बापाच्या?"

*

मी शुक्रवार सकाळचा मराठीचा वर्ग सुरू केला. आमची पोरं मराठी समजतात आणि उत्तर इंग्लिशमध्ये देतात. शांताराम म्हणून एक बेकरीचा व्हॅन ड्रायव्हर आहे, संगमेश्वरकडचा. त्याची मुलगी बापाला म्हणायची, "बाबा, कम ना." शांतारामला तेवढं इंग्लिश यायचं, पण पुढचं नाही. मुलगी बोलत सुटली, की तो नुसता हसून मान हलवायचा. ते मला बघवेना.

हॉल मागायला गेले तर परबकाका म्हणाले, "या शुक्रवारपुरतो घे." पुढच्या शुक्रवारी पुन्हा विचारलं. "या शुक्रवारपुरतो." वर्षभर मी दर आठवड्याला परवानगी मागितली आणि दर आठवड्याला मिळाली.

पण तोच हॉल सकाळी रमीवाल्यांना हवा होता. लिमयेकाकांनी घटना उघडली. सभासद नसलेल्या व्यक्तीला मंडळाचा उपक्रम चालवता येत नाही. वार्षिक सभेत वर्ग बंद करायचा विषय येणार, आणि मला तिथे एक शब्द बोलता येणार नाही. म्हणजे आता वर्ग वाचवायचा तर बायका सभासद व्हायला हव्यात, तेही त्याच सभेत, वर्गाच्या विषयाच्या आधी.

मी वर्कशॉपवर गेले. काका एका कॉम्प्रेसरच्या मागे होते, मला फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांशी भांडले.

"काका, तुम्ही ठराव आणा. तुम्ही अध्यक्ष आहात."

"हंगामी. हंगामी माणसान कायमचा काय करू नये."

"तेरा वर्षं हंगामी? या देशात आपल्यातलं कायमचं आहे कोण? सगळेच व्हिसावर आहेत. बाबा दोन वर्षांसाठी आले होते."

"बारा नंबरचो पानो दी."

मी पाना दिला. जरा आपटूनच दिला. "तुम्हाला भीती वाटते लिमयेकाकांची."

पाय स्तब्ध झाले. काका बाहेर आले, फडक्याला हात पुसत स्टुलावर बसले. "गो चेडवा, गावात मी उपसरपंच होतंय. सरपंच आजारी पडान मुंबईक गेले. लोकांनी माका त्यांच्या खुर्चेत बसवल्यानी. बसलंय. रस्तो केलंय, शाळेचा छप्पर केलंय. ते बरे होऊन इले तर माझ्याशी बोलाक तयार नाय. गाव म्हणाक लागलो, परबान आजारी माणसाची खुर्ची लाटल्यान. काकूक पाणवठ्यावर ऐकवायचे. म्हणान हय इलंय. तेव्हाच ठरवलंय, दुसऱ्याच्या खुर्चेत बसूचा नाय."

मी तरीही भांडले. "म्हणजे तुमच्या गावच्या खुर्चीपायी माझा वर्ग बंद?"

"तू भांड. पण जेवन जा. काकून सुंगटा केल्यान."

कोलंबी फार छान झाली होती. याचा मला तेव्हा फार राग आला.

*

वार्षिक सभा. पुढे पुरुष, मागे बायका, मध्ये ती शाल पांघरलेली खुर्ची.

ठराव शांतारामने मांडला. आयुष्यात पहिल्यांदा सभेत उभा राहिला होता, शर्टाचं वरचं बटण लावून. म्हणाला, "बायकांना सभासद करा. माझी मुलगी वर्गाला येते. आता ती मला कम ना म्हणत नाही, या ना म्हणते." आणि खाली बसला.

लिमयेकाका बोलले, घटनेवर, बराच वेळ. मग बाबा उठले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुलगी माझी आहे, तिचा वर्गही चांगला आहे. पण आपण सगळे इथे पाहुणे. उगाच नवे पायंडे पाडू नयेत असं मला वाटतं." आईने माझा हात घट्ट धरला. मी उठून काही बोलू नये म्हणून असेल.

हात वर झाले. कोकणातले सगळे, काही तरुण बँकवाले. मग विरोधातले हात. बाबांचा खांद्यापर्यंतच गेला होता, पण गेला होता. लिमयेकाकांनी मोजलं, चष्मा पुसून पुन्हा मोजलं. समसमान.

"बरोबरी," ते म्हणाले. "म्हणजे ठराव नामंजूर. पुढचा विषय, शुक्रवारचा वर्ग."

परबकाका म्हणाले, "बरोबरी झाली तर अध्यक्षांचं मत असतं ना?"

"असतं. अध्यक्षांचं. हंगामी अध्यक्षांना ते दिलेलं नाही, परब. मीच लिहिलंय." लिमयेकाकांनी पेनाने लाकडी खुर्ची दाखवली. "अध्यक्ष म्हणजे ती खुर्ची. तुमची ही नव्हे."

परबकाकांनी मागे वळून काकूंकडे बघितलं. काकूंनी पदर सारखा केला.

परबकाका उठले. खुर्चीवरची शाल उचलली, नीट चार घड्या केल्या आणि लिमयेकाकांच्या हातात दिली. "जरा धरा."

आणि ते त्या खुर्चीत बसले. पाठ टेकवून, दोन्ही हात दांड्यांवर ठेवून. मग उजवा हात वर केला. नखांत ग्रीस होतं. हात सरळ वर गेला आणि लिमयेकाका "मंजूर" म्हणेपर्यंत तिथेच राहिला.

मग ते उठले, शाल परत घेतली, झटकली, खुर्चीच्या पाठीवर होती तशी घातली आणि शेजारच्या लोखंडी खुर्चीत येऊन बसले.

"पुढचा विषय?"

लिमयेकाकांनी कागद उलटसुलट केले. वर्गाच्या विषयाचा कागद सगळ्यांत खाली गेला. तेवढ्यात मागे सतरंजीवरून परबकाकू उठल्या. कुणाच्याही कानाकडे वाकल्या नाहीत.

"अध्यक्षमहाराज, त्या एक्झॉस्ट फॅनचं काय झालं?"

परबकाकांनी वर बघितलं, जरा वेळ घेतला आणि म्हणाले, "विचार करू."